पाठ त्यांच्याकडे, तोंड घरच्यांकडे

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात राहायला आलं की टोपीका शहरातल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचं नाव लवकरच कानावर पडतं. फ्रेड फेल्प्स यांनी उभं केलेलं हे छोटंसं चर्च, त्यात बहुतेक एकाच गोतावळ्यातली माणसं. अमेरिकेनं समलिंगी लोकांना थारा दिला म्हणून देव तिला शिक्षा करतोय, युद्धात सैनिक मरतात तेही त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. तसे फलक घेऊन ते जवानांच्या अंत्यविधीला रस्त्यावर उभे राहतात. त्याआधी ते एड्सनं गेलेल्यांच्या अंत्यविधीला जात. तेव्हा त्यांच्या आड येणारे फार थोडे होते, हे मला अजूनही खुपतं.

२००५ साली कॅन्ससमधल्याच मोटारसायकलवाल्या माजी सैनिकांनी पेट्रियट गार्ड रायडर्स सुरू केलं. घरच्यांनी बोलावलं की ही मंडळी अंत्यविधीला झेंडे घेऊन चर्चवाल्यांच्या आड उभी राहतात. व्हिएतनामला जाऊन आलेले माझे शेजारी त्यात आहेत. जवळच्या गावात एका तरुण जवानाचा अंत्यविधी होता आणि चर्चवाल्यांनी येणार म्हणून जाहीर केलं होतं. मी येऊ का, असं विचारलं. माझ्याकडे मोटारसायकल नाही, सैन्यात मी कधी नव्हतो. ते म्हणाले, दोन्ही लागत नाही. लागतं ते घरच्यांचं बोलावणं, आणि ते आलंय.

सकाळी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये सगळे जमलो. राइड कॅप्टननं नियम सांगितले. झेंडा जमिनीला टेकवायचा नाही, फोन बंद, आपसात गप्पा नाहीत. त्या लोकांशी एक शब्दही बोलायचा नाही. त्यांच्याकडे पाठ, तोंड घरच्यांकडे. ज्याला हे झेपणार नाही त्यानं आत्ताच परत जावं.

मला ते जड गेलं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे जवानाचं पार्थिव येतं तेव्हा अख्खा तालुका लोटतो, ‘अमर रहे’च्या घोषणांनी घसे बसतात. इथे मान द्यायचा तो तोंड मिटून.

कायद्याची बाजू शेजाऱ्यांनी गाडीत समजावली. एका मृत जवानाच्या वडिलांनी चर्चवर भरलेल्या स्नायडर विरुद्ध फेल्प्स खटल्यात २०११ साली सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध १ मतांनी चर्चच्या बाजूनं कौल दिला. सार्वजनिक जागी, सार्वजनिक प्रश्नावर बोलायचा त्यांना हक्क आहे. २०१२च्या कायद्यानं अंतर ठरवलं: विधीच्या २ तास आधीपासून २ तास नंतरपर्यंत, ३०० फुटांच्या आत व्यत्यय आणायचा नाही. पण ३०० फुटांवरून मोठी अक्षरं वाचता येतात. मला तो निकाल पटतो. फलक पोलिसांनी हिसकावू नयेत. ते घरच्यांना दिसू नयेत म्हणून मध्ये उभं राहायचं, हे काम गावानं करायचं.

आणि गाव आलं होतं. शेतकरी, शाळेतली मुलं, एक वयस्कर बाई घडीची खुर्ची घेऊन. कॅन्ससचा वारा असा की दांडा दोन्ही हातांनी धरला तरी खांदे भरून येतात. मागून चर्चवाल्यांचं गाणं सुरू झालं, मग माझ्या दिसण्यावरून काहीतरी ओरडले. मान वळवावीशी वाटली. शेजाऱ्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकला आणि मी तसाच राहिलो. शववाहिका आली तशा आमच्या बाजूच्या मोटारसायकली सुरू झाल्या आणि गाणं त्या आवाजात बुडालं. जवानाची आई गाडीतून उतरली. तिच्यासमोर फक्त झेंडे होते.

चर्चवाले थोड्या वेळानं निघून गेले. आम्ही घरच्यांची शेवटची गाडी जाईपर्यंत थांबलो, तसाच नियम आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला जायचं असेल तर जरूर जा. मी तेव्हा ग्रीन कार्डवर होतो, कुणी काही विचारलं नाही. पाणी आणि टोपी मात्र सोबत ठेवा.