तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र दाराशी, तरी उकाडा?

आमच्या गुहागरला मार्च-एप्रिलमध्ये आलेले पाहुणे सकाळी दहाला घामाघूम होऊन हमखास विचारतात, "समुद्र दाराशी असून एवढं उकडतं कसं? वारा गेला कुठे?"

गेलेला नसतो, यायचा असतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. पूर्वी शिडाच्या होड्या त्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. मधला नऊ ते अकराचा वेळ दोघांपैकी कोणाचाच नाही, आणि नेमकी तेव्हाच तुमची न्याहारी चाललेली असते.

खारा वारा सुटायला नुसता गार समुद्र पुरत नाही. जमीन त्याहून बरीच तापावी लागते. म्हणून माझ्या मते वाऱ्याचा खरा महिना मार्च. पाणी २७-२८ अंशांवर असतं आणि दुपारी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, अनवाणी पाय ठेववत नाही. मेपर्यंत पाणीच ३० अंशांच्या घरात जातं. वारा तेव्हाही येतो, पण इतका दमट की घाम काही वाळत नाही.

मार्चची एक खोड मात्र आहे. कधीकधी घाटावरून पूर्वेचा वारा जोर धरतो. सह्याद्री उतरताना हवा दाबली जाते आणि दर हजार मीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. हा वारा खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्याबाहेरच रोखून धरतो. मार्चमध्ये मुंबईचा पारा चाळिशी गाठतो तो बहुधा अशाच दिवशी. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद आहे.

"पण चिपळूणही खाडीवरच ना, मग तिथे एवढं का उकडतं?" हा पुढचा प्रश्न. आहे की! दाभोळहून वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातून वारा आत शिरतो. खाडी ही त्याची वाटच. शिवाय दुपारी सह्याद्रीचे उतार तापून तिथली हवा वर चढते आणि खालचा वारा ओढून घेते. पण आजूबाजूच्या टेकड्या त्याचा वेग मोडतात, तापल्या जमिनीवरून जाताना गारवा वाटेतच संपतो. चिपळूणला पोचतो तो उशिरा आणि कोमट.

आणखी एक. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा खारा वारा दुपार कलताना उजवीकडे वळत वायव्येचा होतो. पाहुणे खोली मागतात समुद्र दिसणारी. झोपायची असेल तर मी उत्तरेलाही खिडकी असलेली सुचवतो.