तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या ऑफिसचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुठे गेले

"मॅडम, ग्रुप का बंद केलात?" हे क्लायंट विचारतात. चर्चासत्रात चहाच्या वेळी बाकीचे सीए विचारतात. नवी आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे काम शिकणारी मुलगी, रुजू झाली की तीही विचारते, फक्त तिच्या प्रश्नात "आणि अजून रजिस्टर?" एवढी भर असते. आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. क्लायंटला "सुरक्षिततेसाठी", सीएंना "अहो, वैताग नुसता", आर्टिकलला "काकांना विचार", काका म्हणजे आमचे सासऱ्यांच्या काळापासूनचे अकाउंटंट. यातलं एकही उत्तर खोटं नाही, पण एकही पुरतं नाही. आता एकदा सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कोल्हापुरात बसून जीएसटीचं काम करणाऱ्या बाईला ती चैन परवडणारी नाही. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं विवरण, आणि हे सगळं सरकारी पोर्टलवरच. हिशेबाचं टॅली सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं. एक्सेलशिवाय आमचं पान हलत नाही. त्यातलं काहीही मी काढलेलं नाही. काढलं ते त्याच्या आजूबाजूला साचलेलं. प्रत्येक क्लायंटचा एक ग्रुप होता. ऑफिसचे स्वतःचे वेगळे ग्रुप होते : "जीएसटी अर्जंट", "ऑडिट टीम", आणि जुन्या ग्रुपमधून सोडून गेलेल्यांना काढायचा संकोच वाटला म्हणून काढलेला "ऑडिट टीम न्यू". वर्षाची वर्गणी भरून घेतलेला टास्क बोर्ड होता. तारखांची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर होतं, शिवाय शेअर केलेलं कॅलेंडर होतं, त्यामुळे एकच ड्यू डेट तीन ठिकाणी वाजायची आणि तिन्ही ठिकाणी आम्ही ती गप्प करायचो. फाइली दोन क्लाउडवर होत्या. त्यातला एक, दोन वर्षांपूर्वी आर्टिकलशिप संपवून गेलेल्या मुलाच्या खासगी खात्यावर होता.

हे सगळं मी हौसेने जमवलं असं समजू नका. २०२० चा एप्रिल आठवा. ऑफिस बंद, क्लायंट घरी, डिजिटल सहीची टोकनं, पेनड्राइव्हसारखी असतात ती, ऑफिसच्या कपाटात. २१ एप्रिलपासून कंपन्यांनाही डिजिटल सहीऐवजी ओटीपीवर ३बी भरायची मुभा मिळाली. ओटीपी जायचा नोंदलेल्या मोबाईलवर, आणि त्याची मुदत संपायच्या आत तो आमच्यापर्यंत पोचायला हवा. आमचे एक डायरेक्टर गगनबावड्याजवळ गावी अडकले होते. रेंजसाठी गच्चीवर जायचे आणि तिथून आकडे टाकायचे. ग्रुप जन्मले ते असे. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, "ग्रुप नसते तर ऑफिस बुडालं असतं." खरंय. मी तिला विचारेन, मग ऑफिस उघडल्यावर बंद का नाही केलेस? ती म्हणेल, "क्लायंटला सोयीचं पडतं." तेही खरंय. या बाईशी वाद घालून मी कधी जिंकलेली नाही.

तर, अण्णांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

इचलकरंजीतले एक सूत व्यापारी. माझे सासरे सेल्स टॅक्सची प्रॅक्टिस करायचे तेव्हापासूनचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी सीए झाले, ऑफिस माझ्या नावावर झालं, तरी अण्णांच्या लेखी मी सूनबाईच. त्यांना जानेवारी २०२४ मध्ये २०१८-१९ ची डीआरसी-०१, म्हणजे जीएसटीची कारणे दाखवा नोटीस, आली. त्या महिन्यात कुणाला आली नव्हती? जीएसटी कायद्याच्या कलम ७३ खाली त्या वर्षाचा आदेश ३० एप्रिल २०२४ पर्यंत काढायचा होता, आणि नोटीस त्याच्या किमान तीन महिने आधी द्यावी लागते. मुद्दा नेहमीचाच : खरेदीवर दिलेल्या कराचं ३बी मध्ये घेतलेलं क्रेडिट २ए मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या यादीत, दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा सव्वाचार लाखांनी जास्त. फरक एकाच पुरवठादाराचा, तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीचा. माल आलेला, पैसे बँकेतून गेलेले, गिरणीने करही भरलेला, पण आपल्या विवरणात अण्णांचा जीएसटी नंबर चुकवलेला. अशा प्रकरणांसाठी २७ डिसेंबर २०२२ चं परिपत्रक, क्रमांक १८३, आहेच. एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक ५ लाखांच्या आत असेल तर त्या पुरवठादाराचंच प्रमाणपत्र चालतं, त्याहून जास्त असेल तर सीएचं लागतं. म्हणजे आम्हाला हवा होता एक कागद. गिरणीच्या लेटरहेडवरचा, सही-शिक्क्याचा.

उत्तर तयार होतं. बँकेच्या नोंदी, बिलं, ट्रकच्या पावत्या, सगळं जोडलेलं. बोर्डवर पिवळं कार्ड होतं : "सर्टिफिकेट येणं बाकी".

सर्टिफिकेट आलं ११ फेब्रुवारीच्या संध्याकाळी. रविवार होता, पण जीएसटीआर-१ चा शेवटचा दिवस, त्यामुळे ऑफिस भरलेलं. गिरणीने अण्णांच्या दिवाणजींना पाठवलं, दिवाणजींनी आमच्या ग्रुपवर. फाइलला नाव काही नाही, तारीख आणि आकड्यांची ती नेहमीची शेपटी. त्याच्याखाली लगेच जानेवारीच्या विक्री बिलांचे फोटो, एक ओटीपी, तो चुकीचा म्हणून दुसरा ओटीपी, आणि अण्णांच्या पुतण्याने टाकलेलं शुभ संध्याकाळचं सूर्यफूल. मग आमच्याकडून कुणीतरी अंगठा दिला. दिवाणजींनी तो पाहिला आणि अण्णांना सांगितलं, पोचलं.

अंगठा देणाऱ्या मुलीने तो ओटीपी मिळाल्याबद्दल दिला होता. बोट वरच्या फाइलवर पडलं. नोटिशीचं उत्तर जिच्याकडे होतं ती मेच्या परीक्षेसाठी रजेवर गेली होती. जाताना तिने काम समजावून दिलं होतं, बोर्डवर लिहूनही ठेवलं होतं, पण कार्ड तिच्याच नावावर राहिलं. त्यामुळे बोर्डच्या आठवणी तिच्या फोनवर जात राहिल्या, आणि अभ्यासाला बसलेली मुलगी करते तेच तिने केलं होतं, सगळं म्यूट. आठवण करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला दर महिन्याच्या कायद्यातल्या तारखा ठाऊक, एका नोटिशीच्या उत्तराची तारीख कशी ठाऊक असणार? सुनावणीचा मेल अण्णांच्या पत्त्यावर गेला. दिवाणजींनी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्यालाही अंगठा मिळाला.

एप्रिलमध्ये डीआरसी-०७, म्हणजे वसुलीचा आदेश, आला. कर, दहा टक्के दंड, आणि पाच वर्षांचं अठरा टक्क्यांनी व्याज, म्हणजे जवळजवळ मुद्दलाएवढं.

अण्णा स्वतः आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं गेलं असतं. खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला, मग मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, "सूनबाई, हा अंगठा कुणाचा?"

मी सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाने आपापला फोन दाखवला, आणि प्रत्येकाचं बरोबर होतं. दिवाणजींनी पाठवलं होतं. रजेवरच्या मुलीने लिहून ठेवलं होतं. अंगठा ओटीपीसाठीच होता. चार फोनांत चार पुरावे, आणि फाइलमध्ये कागद नाही. तुम्हाला वाटेल मी जबाबदारी झटकतेय. नाही. ऑफिस माझं, पाटी माझी. पण "कुणी केलं" या अण्णांच्या प्रश्नाला मला त्या दिवशी एक नाव देता आलं नाही, आणि आजही येत नाही. हे मला त्या रकमेपेक्षा जास्त लागलं.

अपील करायला तीन महिने असतात, वादातल्या कराच्या दहा टक्के आधी भरावे लागतात. अण्णांनी अपील केलं, पण दुसऱ्या सीएंकडून. फाइली न्यायला दिवाणजी टेम्पो घेऊन आले. पुढे सरकारने त्या वर्षांसाठी व्याज-दंड माफीची योजना आणली, पण अट अशी की मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण भरायचा आणि अपील मागे घ्यायचं. जो कर मुळात लागतच नव्हता तो भरून दंड वाचवायचा. अण्णांनी काय ठरवलं मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

यानंतर मी लगेच शहाणी झाले असं नाही. पहिल्यांदा मी काय केलं असेल? आणखी एक सॉफ्टवेअर पाहिलं. त्यात म्हणे व्हॉट्सअ‍ॅप, मेल, तारखा, फाइली, सगळं एका ठिकाणी. डेमो देणारा मुलगा स्क्रीनवर रंगीत चौकटी फिरवत होता आणि मागे आमचे काका आवक-जावक रजिस्टरमध्ये कुरिअरने आलेलं पाकीट नोंदवत होते. ते रजिस्टर मी २०२० मध्ये बंद केलं होतं. काकांनी केलं नव्हतं. कागदावर येणारं सगळं ते लिहीतच राहिले होते, मला न सांगता.

मग ठरवलं ते एवढंच. एक मेल पत्ता. मेलने येवो की हाताने, आलेल्या प्रत्येक गोष्टीला आवक क्रमांक, तोच फाइलच्या नावात, आणि समोर एका माणसाचं नाव. दोन नावं चालणार नाहीत. माणूस रजेवर गेला तर काका त्याच्या नावावर रेघ मारून दुसरं लिहितात आणि त्याची सही घेतात. फाइली ऑफिसच्या एका मशीनवर, रोज रात्री बॅकअप. बोर्ड, आठवणींचं सॉफ्टवेअर, दुसरा क्लाउड, सगळ्यांची मुदत संपेल तशी वर्गणी थांबवली. ग्रुप मात्र एका दिवसात बंद केले.

सह्यांचंही तेच केलं. याबद्दल कुणी विचारत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा आराम तिथे पडला. पूर्वी प्रत्येक संगणकावर तीन कंपन्यांच्या टोकनांचे ड्रायव्हर, जीएसटीच्या सहीचं वेगळं सॉफ्टवेअर, इन्कम टॅक्सचं वेगळं. एक अपडेट केलं की दुसरं टोकन ओळखेनासं व्हायचं, आणि हे उघडकीला यायचं ते २० तारखेच्या संध्याकाळी. आता एक जुना संगणक फक्त सहीसाठी आहे. त्यावर मेल नाही, टॅली नाही, कुणाचं क्रिकेट नाही. आणि क्लायंटची टोकनं ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात नावं चिकटवून ठेवलेली असायची तो डबा गेला. ज्याचं टोकन त्याच्याच ताब्यात असायला हवं हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००० सालापासून आहे. मला लाज वाटते म्हणावं, तर असा डबा नसलेलं एक तरी ऑफिस दाखवा.

काम वाढलं का? प्रामाणिकपणे, ११ आणि २० तारखेला आम्ही अजूनही उशिरापर्यंतच बसतो. फोन वाढले. काही तरुण क्लायंट ग्रुपवाल्या ऑफिसांकडे गेले, आणि त्यांचं तिथे उत्तम चाललंय असं कानावर येतं. कमी झालं ते "बघितलंस का?" हे विचारणं. पूर्वी निम्मी दुपार त्यात जायची.

सध्याची आर्टिकल माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं, हेच रजिस्टर शेअर्ड शीटवर ठेवा, शोधता येईल, घरून दिसेल. मी म्हणते, रजिस्टरमध्ये खाडाखोड दिसते, अक्षर कुणाचं ते दिसतं. ती म्हणते, शीटमध्येही कोणी कधी काय बदललं ते दिसतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झाला हे तुम्हीच क्लायंटना पटवत फिरता. माझ्याकडे उत्तर नाही. एका शीटची उद्या दोन होतील आणि तिसरीचं नाव "न्यू" असेल, ही माझी भीती. तिला कारण म्हणायचं की नुसतीच अण्णांची धास्ती, ते मला ठरवता येत नाही. काका पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं म्हणताहेत, तेव्हा बहुधा तीच जिंकेल.

आणि हो, काही जुनी मंडळी अजून माझ्या खासगी नंबरवर बिलं टाकतात. मी रागावत नाही. ती बिलं मीच ऑफिसला मेल करते आणि रांगेत उभी राहून काकांकडून क्रमांक घेते.

तेव्हा बिलं मेलवर पाठवा, फोटो नकोत, पीडीएफ. उलट मेलने आवक क्रमांक येईल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही तर लँडलाइनवर फोन करा, काका उचलतात. ओटीपी मात्र अजून मोबाईलवरूनच सांगावा लागेल, त्यावर मला काही सुचलेलं नाही.