कडक भाकरीच्या शिदोरीवर शिकागो ते कॅलिफोर्निया

अमेरिकेत शिकायला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी हा देश आडवा पार करावा आणि तो रेल्वेने करावा, असं माझं ठाम मत झालं आहे. विमानाने शिकागोहून सॅन फ्रान्सिस्को काही तासांत येतं, पण मधला सगळा देश ढगांखाली राहतो. भाड्याची मोटार घ्यायची तर पंचविशीच्या आतल्या चालकाला बहुतेक ठिकाणी रोजचा जादा आकार द्यावा लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझी नांदेडची मैत्रीण, दोघी ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या कॅलिफोर्निया झेफिर या गाडीने निघालो. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून दुपारी सुटणारी ही गाडी दोन रात्री चालून तिसऱ्या दिवशी दुपारनंतर एमरीव्हिलला पोचते. तिथून खाडी ओलांडली की सॅन फ्रान्सिस्को. अंतर २,४३८ मैल, म्हणजे सुमारे ३,९०० किलोमीटर.

तिकीट आधी काढा, तारीख जवळ येते तसं भाडं चढतं. १७ ते २४ वयाच्या विद्यार्थ्यांना १५ टक्के सवलत असते, पण एमएसला आलेल्या बऱ्याच जणांचं वय त्यापुढे गेलेलं असतं, तेव्हा अटी वाचून घ्या. झोपायच्या खोलीच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं, पण ती विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. साध्या डब्यातली खुर्ची पुष्कळ मागे जाते, पाय टेकायला आधार असतो, पुढे जागाही ऐसपैस. पांघरूण मात्र स्वतःचं न्या. भर जुलैतही रात्री डब्यात चांगलंच गारठायला होतं.

आता खाण्याचं. गाडीत कॅफे आहे, पण तिथे सँडविच, नूडल्स, चिप्स असलाच माल. दोन दिवस त्यावर काढले तर पैसे जातात आणि पोटही बिघडतं. घरचं खाणं सोबत नेता येतं, आपल्या खुर्चीवर बसून खाता येतं. ते गरम करून मात्र मिळत नाही, म्हणून गार चांगलं लागेल तेच न्यावं. मी सोलापूरची. आईने दिलेली ज्वारीची कडक भाकरी माझ्याकडे होती आणि शेंगाचटणी होती. कडक भाकरीला ना फ्रीज लागतो ना शेगडी, आणि ती महिनोन्‌महिने टिकते. रेल्वेच्या लांब प्रवासाला याहून चांगलं अन्न मला ठाऊक नाही. बाकीची खरेदी आम्ही शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर केली. रेड लाइन या शहरी रेल्वेने लोयोलाला उतरून १५५ नंबरची बस धरली की डेव्हन. अमेरिकाभर पसरलेल्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघालं. ठेपले, दही, काकड्या, लिंबं, चिवडा, खजूर एवढं घेतलं. दही पहिल्याच रात्री संपवा. पहिल्या संध्याकाळी मिसिसिपी ओलांडताना आमच्या मांडीवर दही-भाकरीच होती.

एक गोष्ट काळजीने सांगते. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे अनेकांना असते आणि ती जिवावर बेतू शकते. चटणीचा डबा उघडण्याआधी शेजारच्याला विचारा, खाऊन झाल्यावर हात आणि समोरचं टेबल पुसून घ्या. विचारलं की लोकांना बरं वाटतं, आणि तिथूनच गप्पा सुरू होतात. आमच्या पुढच्या रांगेत आधुनिक यंत्रांपासून दूर राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचं एक कुटुंब होतं. हे लोक सहसा विमानाने जात नाहीत, म्हणून या गाडीत हमखास भेटतात. त्यांचीही शिदोरी होती: घरचा पाव, मुरंबा, उकडलेली अंडी. त्यांच्यातल्या आजींनी भाकरीचा तुकडा मोडून बघितला, कुठलं धान्य ते विचारलं, आणि आमच्या हातावर मुरंबा लावलेला पाव ठेवला. ज्वारी त्यांना चाऱ्याचं पीक म्हणून माहीत होती. माणसं तिची भाकरी करून खातात हे ऐकून त्यांनी ती कशी थापतात, कशी वाळवतात, सगळं बारकाईने विचारून घेतलं.

नेब्रास्का रात्रीत जातो. सकाळी डेन्व्हर. गाडी वेळेवर असली तर इथे पाऊण तासाच्या आसपास मिळतो आणि स्टेशनातच गरम नाश्ता मिळतो. कोलोरॅडोत बरीटोवर, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या मेक्सिकन पोळीवर, हिरव्या मिरचीचा दाट रस्सा ओततात, त्याला ग्रीन चिली म्हणतात. तिखट खाणाऱ्या माणसाला तो आवडणारच. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी रस्सा आहे का ते आधी विचारा. आणि कंडक्टरने सांगितलेली वेळ चुकवू नका, गाडी कोणासाठी थांबत नाही.

डेन्व्हर सुटलं की वरच्या मजल्यावरच्या काचेच्या डब्यात जागा धरा. तिथे आरक्षण नसतं. गाडी रॉकी पर्वत चढते आणि १९२८ साली खुल्या झालेल्या, सहा मैलांहून लांब मोफॅट बोगद्यात शिरते. बोगद्याच्या अलीकडचं पाणी अटलांटिककडे जातं, पलीकडचं पॅसिफिककडे. पुढे कित्येक तास कोलोरॅडो नदी सोबत असते. लाल कडे, अरुंद दऱ्या, नदीत रबरी होड्या. मोबाइलची रेंज इथे जातेच, जाऊ द्या. हा दिवस झोपून किंवा मोबाइलच्या पडद्यात डोकं घालून घालवू नका, तिकिटाचे सगळे पैसे याच एका दिवसात वसूल होतात.

ग्रँड जंक्शनला पाय मोकळे करायला वेळ मिळतो. शेजारच्या पॅलिसेडचे पीच नावाजलेले आहेत आणि ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिकतात. तिथे चढलेल्या एका काकांनी खोक्यातले दोन आम्हाला दिले. रस कोपरापर्यंत ओघळला. दुकानातले कडक पीच खाऊन या फळाबद्दल मत बनवलं असेल तर ते बदलावं लागेल.

इथेच एक सावधगिरी. कोलोरॅडो, नेवाडा, कॅलिफोर्निया या राज्यांत गांजा उघड विकतात, पण केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे आणि रेल्वेतही चालत नाही. विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) यांची प्रत सोबत ठेवा.

तिसऱ्या दिवशी नेवाडाचं वाळवंट संपून रीनोनंतर सिएरा नेवाडा सुरू होतो. ट्रकी मागे पडलं की उजव्या हाताला खाली डॉनर सरोवर दिसतं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडे निघालेला एक काफिला इथे बर्फात अडकला आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक थंडीने, उपासमारीने गेले. त्यानंतर वीस वर्षांनी याच डोंगरात चिनी मजुरांनी ग्रॅनाइट फोडून रेल्वेची वाट केली. ते भात, सुकी मासळी, भाज्या खात आणि उकळलेल्या पाण्याचा चहा पीत. त्यामुळे इतर मजुरांच्या मानाने ते पोटाच्या आजारांपासून बरेच वाचले. १० मे १८६९ ला यूटामधल्या प्रॉमोंटरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. आजची गाडी माथ्यावर नंतर खोदलेल्या बोगद्यातून जाते, पण चढण तीच. परमुलखात राबायला आलेल्या माणसांनी आपल्या खाण्याची घडी मोडली नाही, आणि तिनेच त्यांना तारलं. शिकायला आलेल्या आपल्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

गाडीला उशीर धरूनच पुढचं ठरवा. रूळ बहुतेक मालगाडी कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि काही तासांचा फरक नेहमीचा आहे. पोचल्या दिवशीचं दुसरं कुठलंही तिकीट काढू नका. एमरीव्हिलहून ॲमट्रॅकची बस सॅन फ्रान्सिस्कोत सोडते. किंवा एमरी गो-राउंड या फुकट बसने मॅकार्थर स्टेशन गाठून बार्ट ही लोकल रेल्वे धरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात बरीटो खायचाच. भात घातलेला हा जाडजूड बरीटो तिथे १९६० च्या दशकात रूढ झाला, आणि एकात दोघींचं भागतं. शाकाहारी लोकांनी घेवड्यात चरबी आणि भातात चिकनचं पाणी आहे का, ते विचारावं. फळीवर लिहिलेल्या भावात विक्रीकर धरलेला नसतो. बसून वाढून घेतलं तर त्यावर १८ ते २० टक्के टिप द्यावी लागते.

पण माझ्या मते या प्रवासातलं सर्वांत मोलाचं जेवण कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटनला आहे. १९१२ साली स्थापन झालेला तिथला गुरुद्वारा अमेरिकेतला सर्वांत जुना. इंग्रजांची सत्ता उलथून टाकायला अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीच्या लोकांचा तो आधार होता. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आले, गदरमध्ये सामील झाले, गदरचेच क्रांतिकारक कर्तारसिंग सराभांबरोबर १९१४ मध्ये परत गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला दोघांनाही लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली. आपल्यासारखाच शिकायला आलेला एक विद्यार्थी. लंगरात डाळ, भाजी, रोटी वाढून घेताना मैत्रिणीला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, शाळेत हे नाव आपण ऐकलंच नाही. आवारातल्या गदरविषयीच्या संग्रहालयासाठी वेळ राखून ठेवा.

स्टॉकटनला ओकलंडहून आणि सॅक्रामेंटोहूनही रेल्वे जाते. शक्यतो रविवारी जा. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल न्या, चपला बाहेर काढा, संपेल तेवढंच वाढून घ्या. पैसे कोणी मागत नाही. जेवून झालं की भांडी घासायला किंवा रोट्या लाटायला उभे राहा, जागा करून देतात.