तारीख घातलेला हिवाळा

१७ सप्टेंबर १८१२. नेपोलियनच्या रशियावरच्या मोहिमेतली, मॉस्कोच्या वाटेवरची बोरोदिनोची लढाई होऊन दहा दिवस उलटलेत. कोलोचा नदीवरचा साधा लाकडी पूल, आणि त्याच्या आजूबाजूला पडलेली माणसं आणि घोडे. कुणी त्यांना उचललेलं नाही, पुरलेलं नाही. युद्धचित्र म्हटलं की आपल्याला लढाईचा दिवस अपेक्षित असतो: धूर, निशाणं, उधळलेले घोडे. हे चित्र दहाव्या दिवसाचं आहे, आणि चित्रकाराने ती तारीख मुद्दाम घातली आहे.

चित्रकाराचं नाव क्रिस्टियान विल्हेल्म फॉन फाबर द्यू फोर. जन्म १७८० चा, श्टुटगार्टचा. आधी कायदा शिकला, मग सैन्यात गेला, आणि १८१२ मध्ये तो व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याच्या तोफखान्यात लेफ्टनंट होता. रशियाशी त्याचं किंवा त्याच्या राज्याचं काही वैर नव्हतं. नेपोलियनने व्युर्टेम्बेर्गच्या फ्रीडरिखला राजा केलं होतं, आणि त्या मुकुटाची किंमत म्हणून मागतील तेव्हा माणसं पुरवायची होती. या मोहिमेसाठी जवळजवळ १५,८०० माणसं पाठवली गेली. त्यातली परत आली ती काही शे.

मी चित्रकला शिकवते. त्यामुळे कुठलंही चित्र पाहताना आधी माझं लक्ष हाताकडे जातं, म्हणजे काढणाऱ्याच्या हाताकडे. फाबर द्यू फोरचा हात चित्रशाळेत घडलेल्या माणसाचा वाटत नाही. चेहरे काढताना तो अडखळतो. पण जमीन! रस्ता कुठे चढतो, कुठे खचतो, चिखल किती खोल, झाडांची रांग किती लांब, हे तो चुकत नाही. एखादी तोफ कुठल्या वळणावर रुतेल ते त्याचं चित्र पाहून सांगता येतं. हे साहजिक होतं. त्या काळी कॅमेरा नव्हता आणि शत्रूचा मुलूख कागदावर उतरवून आणणं हे तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचं नेहमीचं काम होतं. अंतराचा अंदाज घेणं, उंचवटा ओळखणं, आडोसा शोधणं: ज्या नजरेने तोफेचा नेम धरायचा त्याच नजरेने तो चित्र काढत होता. मला त्याची निसर्गदृश्यं म्हणूनच इतकी आवडतात. त्यात शोभेसाठी काढलेलं झाड सापडत नाही.

नेपोलियनचा सेनापती मार्शल नेय याच्या तिसऱ्या कोअरमध्ये, पंचविसाव्या डिव्हिजनमध्ये व्युर्टेम्बेर्गचं पायदळ होतं. जूनच्या अखेरीस सैन्याने रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडली. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ही मोहीम बर्फाने संपवली अशी आपली ठाम समजूत असते. फाबर द्यू फोरची उन्हाळ्यातली चित्रं पाहिली की ती समजूत टिकत नाही. आधी मुसळधार पाऊस, मग भाजून काढणारं ऊन, मागे पडलेल्या रसदगाड्या, घाणेरडं पाणी आणि त्यातून आलेली हगवण. व्युर्टेम्बेर्गचा युवराज विल्हेल्म स्वतः आजारी पडून मागे फिरला. ऑगस्टमध्ये स्मोलेन्स्कला पोचेपर्यंत, एकही मोठी लढाई व्हायच्या आधीच, या पलटणींची पार हाडं निघाली होती. बर्फ पडायला अजून अडीच महिने होते.

बोरोदिनोच्या दिवसाचंही चित्र त्याने काढलं आहे. रशियन घोडदळाच्या तडाख्यातून निसटलेला म्युरा, नेपोलियनचा मेहुणा आणि नेपल्सचा राजा, मातीच्या बुरुजात उडी घेतो आणि व्युर्टेम्बेर्गचे शिपाई त्याच्याभोवती उभे राहून गोळ्या झाडतात. प्रसंग खरा आहे, अभिमानाचाही आहे. तरी माझ्या मते ते त्याचं सगळ्यात चांगलं चित्र नाही. एवढी गर्दी, एवढा नाट्यमय क्षण, आणि मध्यभागी राजा: असं चित्र दुसरं कुणीही काढलं असतं. कोलोचाचा पूल मात्र त्यानेच काढला.

मॉस्को पाहिलं, जळालेलं मॉस्को पाहिलं, आणि १९ ऑक्टोबरला माघार सुरू झाली. याच मोहिमेत अल्ब्रेख्ट आडाम नावाचा बव्हेरियन चित्रकार होता. तो फाबर द्यू फोरपेक्षा कितीतरी तयारीचा, घोडे काढण्यात तर वाकबगार. पण माघार सुरू व्हायच्या आधीच तो मॉस्कोहून घरी निघाला होता. हिवाळा काढायला मागे राहिला तो हा तोफखान्याचा लेफ्टनंट.

७ नोव्हेंबर, दोरोगोबुझ आणि मिखालेव्का यांच्या मधल्या रस्त्यावर. पहिला मोठा बर्फ पडून गेलेला. इथून पुढची पानं मी एका बैठकीत पाहू शकत नाही. गणवेश दिसेनासे होतात. जे मिळेल ते अंगावर: सतरंजी, बायकांचे फरचे कोट, पोत्याची फडकी. अधिकारी कोण, शिपाई कोण, कुठल्या देशाचा कोण, काही कळत नाही. शेकोटीभोवती बसलेल्यांतले काही बसल्या जागी गेलेले आहेत, आणि शेजारचे तरीही त्यांना खेटून बसलेत, कारण ऊब तिथेच आहे. मुलांना मी यातलं एखादं चित्र देते आणि सांगते, चेहरे सोडा, फक्त पाठी काढा. जो चेहऱ्यात कच्चा पडतो त्याने पाठीत किती सांगितलंय ते तेव्हा समजतं. खांदे कुठे गळलेत, मान कोटात किती खुपसली आहे, वजन कुठल्या पायावर आहे.

उघड्यावर थंडीत बसून ज्याने स्केच केलंय त्याला माहीत असतं, आधी बोटांची जाण जाते, मग धीर जातो. रेषा आखडते, आपण कसंबसं उरकून उठतो, आणि आपल्याला तर घरी जाऊन गरम पाण्यात हात बुडवता येतात. २६ नोव्हेंबरपासून पुढचे तीन दिवस बेरेझिना नदी ओलांडताना तिच्या काठावर जे झालं, आणि त्यानंतर विल्नाच्या (आजच्या व्हिल्नियसच्या) वाटेवर थंडी उणे तीस अंशांच्या आसपास गेली, त्या सगळ्यात हा माणूस तारीख आणि गावाचं नाव लक्षात ठेवत होता. तोफा केव्हाच मागे टाकाव्या लागल्या होत्या. तोफखान्याच्या अधिकाऱ्याकडे तोफ उरली नाही तर त्याचं काम काय उरतं? त्याने नोंद ठेवण्याचं काम सोडलं नाही, एवढं मला दिसतं, आणि मला ते फार मोठं वाटतं.

तो वाचला, पुढे बढती मिळत जनरल झाला. चित्रं मात्र लगेच लोकांसमोर आली नाहीत. १८३१ ते १८४३ या काळात श्टुटगार्टमध्ये ती शिळाछापावर शंभर पानांत निघाली, सोबत फॉन काउसलर या सैनिकी अधिकाऱ्याचा मजकूर. म्हणजे पहिलं पान निघालं तेव्हा तो पन्नाशीत होता. जवळजवळ वीस वर्षांनी त्या सगळ्या मेलेल्या माणसांकडे पुन्हा वळून त्याने एकेक पान तयार केलं. वीस वर्षांत आठवणी गोड होतात, शौर्याच्या होतात. या पानांत तसं झालेलं नाही. नेपोलियनही त्यांचा नायक झालेला नाही. १८५७ मध्ये श्टुटगार्टलाच तो वारला.

त्याचा मुलगा ओट्टो हाही आधी घोडदळातला अधिकारी आणि मग चित्रकार. पॅरिसमध्ये तो अदोल्फ इव्हाँकडे शिकला. या इव्हाँचं १८५० च्या दशकातलं एक गाजलेलं चित्र आहे: रशियातून माघार घेताना पिछाडी सांभाळणारा मार्शल नेय. म्हणजे बाप ज्या मार्शलच्या हाताखाली बर्फातून चालला, त्याच मार्शलला नायक करणारा मुलाचा गुरू. इव्हाँचा नेय भव्य आहे, ताठ उभा आहे, आणि त्याचं कसब मी नाकारत नाही. पण त्या मार्शलच्या मागून चालणारे लोक कसे दिसत होते हे विचारायचं असेल तर मी बापाकडेच जाईन.

त्याची शंभर पानं पाहणार असाल तर थेट बेरेझिनावर जाऊ नका. जूनपासून सुरू करा, तारखा वाचत वाचत. जुलैच्या पानांपाशी जास्त थांबा. तिथे माणसांच्या अंगावर अजून धड गणवेश आहेत, पण रस्त्याच्या कडेला लोक बसायला लागले आहेत.