रिकेल्मेची कारकीर्द आणि युरोपची फूटपट्टी

अर्जेंटिनाच्या फुटबॉलपटूची कारकीर्द मोजताना जगभरातले चाहते, आणि त्यात आपल्याकडचे चाहतेही आले, बहुधा एकच फूटपट्टी वापरतात: तो युरोपात कोणत्या क्लबकडून खेळला, तिथे किती वर्षे टिकला आणि चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला की नाही. ह्या फूटपट्टीने हुआन रोमान रिकेल्मेला मोजले तर हाती फारसे काही लागत नाही. बार्सिलोनात एक फसलेला हंगाम, विलारिआलसारख्या लहान गावाच्या क्लबात काही वर्षे आणि उपांत्य सामन्यात वाया गेलेली एक पेनल्टी, एवढीच त्याची नोंद अनेकांच्या डोक्यात असते. मला हा हिशेब गेली अनेक वर्षे खटकत आला आहे. माझ्या पिढीने पाहिलेल्या खेळाडूंपैकी फुटबॉलचा सामना कोणत्या गतीने चालावा हे एकट्याच्या बळावर ठरवू शकणारे फार थोडे होते, आणि रिकेल्मे त्यांतला अग्रणी होता, असे माझे ठाम मत आहे.

रिकेल्मेचा जन्म २४ जून १९७८ रोजी ब्यूनोस आयर्स प्रांतातल्या सान फेर्नांदो येथे झाला. दुसऱ्याच दिवशी अर्जेंटिनाने आपला पहिला विश्वचषक जिंकला. डॉन तोर्क्वातो ह्या उपनगरातल्या गरीब वस्तीत, भावंडांनी भरलेल्या घरात तो वाढला. फुटबॉलचे धडे त्याने ज्या अर्जेंटिनोस ज्युनियर्स क्लबात गिरवले, त्याच क्लबात त्याच्या आधी दिएगो मॅराडोना घडला होता. १९९६ मध्ये बोका ज्युनियर्सने त्याला घेतले, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, कार्लोस बिलार्दो प्रशिक्षक असताना, युनिओन संघाविरुद्ध त्याने वरिष्ठ संघात पदार्पण केले. पुढच्या वर्षी मलेशियात झालेली वीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा होजे पेकरमन यांच्या मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाने जिंकली. त्या संघात रिकेल्मेबरोबर पाब्लो आयमार, एस्तेबान कांबियासो आणि वाल्टर सॅम्युएल होते. त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला मॅराडोना बोकाकडून आपला शेवटचा अधिकृत सामना कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्ध खेळला आणि मध्यंतरानंतर त्याच्या जागी मैदानात उतरला तो एकोणीस वर्षांचा रिकेल्मे. असा योगायोग एखाद्या तरुण खेळाडूच्या मानेवर जन्मभराचे ओझे ठेवून जाऊ शकतो, पण रिकेल्मेने मॅराडोनासारखे खेळण्याचा प्रयत्न कधीच केला नाही.

त्याचा खेळ मुळात वेगळ्या जातीचा होता. मॅराडोना चेंडू घेऊन धावत सुटे आणि समोरच्यांना मागे टाकी; रिकेल्मे धावणे टाळून चेंडूभोवती आपले शरीर असे उभे करी की प्रतिस्पर्ध्याला चेंडूपर्यंत पोहोचायला वाटच उरत नसे. तळपायाने चेंडू मागे ओढायचा, पाठीवर आलेल्या बचावपटूला तसेच थोपवून धरायचे आणि दुसऱ्या टोकाला सहकाऱ्याने धाव घेतली की त्याच क्षणी पास सोडायचा. दोन आघाडीपटूंच्या मागे आणि तीन मधल्या फळीच्या खेळाडूंच्या पुढे उभ्या असणाऱ्या ह्या जागेला अर्जेंटिनात ‘एंगान्चे’ म्हणतात, आणि ती जागा एका खेळाडूच्या हवाली करायची तर उरलेल्यांनी त्याच्या वाटणीचे धावणे आणि चेंडू हिसकावणे आपल्या अंगावर घ्यावे लागते. ही अट ज्या प्रशिक्षकांनी मान्य केली त्यांना रिकेल्मेने भरभरून दिले.

असा पहिला प्रशिक्षक म्हणजे १९९८ मध्ये बोकाला आलेले कार्लोस बियांची. त्यांनी मॉरिसिओ सेर्ना आणि सेबास्टियन बाताग्लिया यांच्यासारखे कष्टाळू खेळाडू मागे ठेवले, गियेर्मो बारोस शेलोतो आणि मार्टिन पालेर्मो यांना पुढे ठेवले आणि मधली जागा रिकेल्मेला दिली. देशांतर्गत विजेतेपदे लागोपाठ आली, बोकाचा संघ सलग ४० लीग सामने अपराजित राहिला, आणि २००० व २००१ अशी दोन्ही वर्षे दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च क्लब चषक, म्हणजे कोपा लिबेर्तादोरेस, बोकाने जिंकला. २००० सालच्या उपांत्यपूर्व फेरीत रिव्हर प्लेटविरुद्ध बोकाच्या ला बोंबोनेरा मैदानावर त्याने मारिओ येपेसच्या दोन पायांमधून चेंडू काढला, तो प्रसंग बोकाचे चाहते आजही एकमेकांना सांगतात. टचलाइनजवळ, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या रिकेल्मेने तळपायाने चेंडू मागे ढकलला आणि येपेसला वळसा घालून तो पुन्हा ताब्यात घेतला. सामना बोकाने ३–० असा जिंकला.

मला मात्र त्याच वर्षीचा २८ नोव्हेंबरचा टोकियोतला सामना अधिक मोलाचा वाटतो. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधल्या आंतरखंडीय चषकासाठी समोर रेआल माद्रिद होते, संघात लुईस फिगो, राऊल, रोबेर्तो कार्लोस. पालेर्मोने पहिल्या सहा मिनिटांतच दोन गोल केले, त्यांतला दुसरा रिकेल्मेने स्वतःच्या अर्ध्या भागातून दिलेल्या लांब पासवर झाला. रोबेर्तो कार्लोसने एक गोल लवकरच फेडला, आणि त्यानंतर जवळजवळ सव्वा तास एका गोलाची आघाडी टिकवायची होती. हे काम बोकाने निव्वळ बचाव करून साधले नाही. चेंडू रिकेल्मेकडे जाई, मॅकेलेले आणि जेरेमी त्याच्यावर तुटून पडत, आणि तो त्यांना पाठीवर घेऊन चेंडू राखून ठेवी, कधी फाउल मिळवी, कधी वळून बाहेर पडे. ज्यांना तो फुटबॉलच्या मानाने मंद वाटतो त्यांनी हा सामना संपूर्ण पाहावा, अशी माझी विनंती आहे. निकाल २–१ राहिला आणि युरोपच्या विजेत्यांना बोकाने हरवले.

ह्या यशाच्या काळातच क्लबच्या अध्यक्षांशी त्याचे पैशांवरून बिनसले होते. अध्यक्ष होते मॉरिसिओ माक्री, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. ८ एप्रिल २००१ रोजी रिव्हरविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, परत आलेला चेंडू त्याने डोक्याने जाळ्यात घातला आणि मग तो मैदानाच्या मध्याकडे जाऊन, अध्यक्षांच्या कक्षासमोर, दोन्ही हात कानांमागे धरून उभा राहिला. आपल्या मुलीला आवडणाऱ्या तोपो जिजो ह्या उंदराची ती नक्कल होती, असे त्याने नंतर सांगितले. पण सगळ्या स्टेडियमला त्यातला दुसरा अर्थ कळला होता. एप्रिल २००२ मध्ये त्याच्या धाकट्या भावाचे अपहरण झाले आणि खंडणी देऊन त्याला सोडवावे लागले. देश आर्थिक संकटात बुडालेला, घर भेदरलेले, क्लबशी संबंध ताणलेले, त्यातच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी विश्वचषकाच्या संघातही त्याला घेतले नाही. अशा मनःस्थितीत तो २००२ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला, हे त्या हंगामाविषयी बोलताना फार कमी लोक लक्षात घेतात.

बार्सिलोनात प्रशिक्षक लुई व्हान गाल यांना तो नको होता. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी त्याला आणले होते, आणि व्हान गाल यांच्या आखणीत आघाडीपटूंच्या मागे मोकळ्या फिरणाऱ्या खेळाडूला जागा नव्हती. चेंडू तुझ्याकडे असतो तेव्हा तू उत्तम, पण नसतो तेव्हा आपला संघ एका माणसाने कमी पडतो, अशा आशयाचे ते आपल्याला बोलले, असे रिकेल्मेने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. प्रशिक्षकाच्या जागी राहून पाहिले तर ह्या तक्रारीत तथ्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्या खेळाडूला डावीकडे बाजूला उभे करून त्याच्याकडून विंगरचे काम करून घेण्यात कोणते शहाणपण होते, हे मला अजून उमगलेले नाही. व्हान गाल स्वतःच हंगामाच्या मध्यावर गेले, संघ लीगमध्ये सहावा आला, आणि २००३ मध्ये रोनाल्डिन्यो आल्यावर रिकेल्मेला लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, विलारिआलला पाठवण्यात आले.

विलारिआल हे व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला असलेले, सिरॅमिक टाइल्सच्या कारखान्यांवर जगणारे, सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. टाइल्स उद्योगातलेच फेर्नांदो रोइग क्लबचे अध्यक्ष होते आणि संघात दक्षिण अमेरिकी खेळाडूंचा भरणा होता. २००४ मध्ये चिलीचे मॅन्युएल पेलेग्रिनी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी बियांचींची मांडणी आपल्या पद्धतीने पुन्हा उभी केली: मार्कोस सेनासारखे खेळाडू मागे राबत, पुढे दिएगो फोर्लान, आणि चेंडूचा प्रत्येक प्रवास रिकेल्मेमार्फत. २००४–०५ च्या हंगामात विलारिआल स्पॅनिश लीगमध्ये तिसरे आले. फोर्लानने २५ गोल केले, रिकेल्मेने स्वतः १५. बार्सिलोनाला न पेलवलेला खेळाडू दोनच वर्षांत स्पेनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला, आणि ह्या दोन वर्षांत त्याच्या खेळात काहीही बदललेले नव्हते.

पुढच्या हंगामात हा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला. पात्रता फेरीत एव्हर्टन, मग मँचेस्टर युनायटेड, बेनफिका आणि लिल असलेल्या गटात पहिले स्थान, मग रेंजर्स, आणि उपांत्यपूर्व फेरीत इंटर मिलान. मिलानमध्ये २–१ अशी हार पत्करून आल्यावर घरच्या एल मादरिगाल मैदानावर रिकेल्मेच्या फ्री किकवर रोदोल्फो आरुआबारेनाने डोक्याने गोल केला आणि एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, ह्या तेव्हाच्या नियमाने विलारिआल उपांत्य फेरीत पोहोचले. तिथे आर्सेनलने लंडनमधला सामना १–० असा जिंकला होता. २५ एप्रिल २००६ च्या परतीच्या सामन्यात विलारिआलने पुष्कळ संधी निर्माण केल्या, पण गोल झाला नाही. शेवटच्या एकदोन मिनिटांत पेनल्टी मिळाली आणि आर्सेनलचा जर्मन गोलरक्षक येन्स लेहमानने आपल्या डावीकडे झेपावून रिकेल्मेचा फटका अडवला. ‘रिकेल्मेने अंतिम फेरी घालवली’ असे वाक्य मी किती ठिकाणी वाचले असेन! ती पेनल्टी गोलात गेली असती तरी बरोबरी साधून सामना अतिरिक्त वेळेत गेला असता, इतकेच. आणि त्या गावाला उपांत्य फेरीपर्यंत कोणी नेले होते, हेही त्या वाक्याबरोबर सांगितले गेले पाहिजे.

दोन महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक होता आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते रिकेल्मेला कोवळ्या वयापासून ओळखणारे पेकरमन. त्यांच्या संघाचा सूत्रधार तोच होता, आणि सर्बिया-माँटेनेग्रोवरच्या ६–० विजयात चोवीस-पंचवीस पासांच्या मालिकेनंतर कांबियासोने केलेला गोल हे त्या संघाचे सर्वांत सुंदर रूप होते. ३० जूनला बर्लिनमध्ये यजमानांविरुद्ध रिकेल्मेच्या कॉर्नरवर रोबेर्तो आयालाने गोल करून आघाडी मिळवून दिली. मग ७२ व्या मिनिटाला पेकरमन यांनी रिकेल्मेला बाहेर बोलावून कांबियासोला आत पाठवले. चेंडू राखून ठेवणारा माणूसच गेल्यावर अर्जेंटिना मागे ढकलली गेली, ८० व्या मिनिटाला मिरोस्लाव्ह क्लोझने बरोबरी केली, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये समोर पुन्हा तोच लेहमान उभा होता. अर्जेंटिना हरली, पेकरमन यांनी पद सोडले. टोकियोत एका गोलाची आघाडी कशी राखली गेली होती हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा बदल पटणे शक्य नाही. मला तो त्या रात्रीही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

आईच्या प्रकृतीचे कारण देऊन त्या वर्षी तो राष्ट्रीय संघातून बाजूला झाला, नंतर परत आला, २००७ च्या कोपा अमेरिकेत पाच गोल केले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मेस्सी आणि आंखेल दि मारिया असलेल्या संघाचा कर्णधार म्हणून सुवर्णपदक मिळवले. २००९ मध्ये प्रशिक्षक मॅराडोना यांच्याशी मतभेद झाल्यावर त्याने राष्ट्रीय संघ कायमचा सोडला.

दरम्यान पेलेग्रिनींशीही त्याचे संबंध बिघडले होते, आणि २००७ च्या सुरुवातीला तो काही महिन्यांसाठी लोनवर बोकाला परतला. ह्या परतण्याला युरोपातल्या अपयशाची कबुली मानणाऱ्यांनी त्यानंतर काय घडले ते पाहावे. त्या वर्षीच्या कोपा लिबेर्तादोरेसमध्ये त्याने आठ गोल केले. अंतिम फेरीत ब्राझीलच्या ग्रेमिओविरुद्ध दोन सामने मिळून बोकाने पाच गोल केले, त्यांतले तीन त्याचे, आणि त्या तीनपैकी दोन पोर्तो आलेग्रेतल्या ग्रेमिओच्या घरच्या मैदानावर. कोणत्याही खंडातल्या कोणत्याही क्लब स्पर्धेत एका खेळाडूने इतके वर्चस्व गाजवल्याची उदाहरणे मला फार थोडी आठवतात. विलारिआलला परतल्यावर मात्र त्याला संघाबाहेर ठेवले गेले, आणि २००८ पासून तो पुन्हा बोकाचा झाला.

ही शेवटची वर्षे दुखापतींची आणि वादांची होती. पालेर्मोशी त्याचे पटत नसे. २०१० मध्ये पालेर्मोने बोकासाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम केला तो गोल रिकेल्मेच्याच पासवर झाला, आणि पास देणारा आनंद साजरा करायला एकटाच दुसऱ्या दिशेने पळाला. २०११ मध्ये बोकाने एकही सामना न हरता देशांतर्गत विजेतेपद मिळवले. २०१२ च्या लिबेर्तादोरेस अंतिम फेरीत कोरिंथियन्सकडून हरल्यावर आपण आतून रिकामे झालो आहोत असे सांगून तो गेला, आणि २०१३ मध्ये बियांची परत आल्यावर पुन्हा आला. २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडे जाऊन त्याने त्या क्लबला पहिल्या श्रेणीत परत यायला मदत केली आणि जानेवारी २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. बोकाबरोबर त्याने ११ विजेतेपदे मिळवली होती.

त्यानंतर तो क्लबच्या राजकारणात उतरला, डिसेंबर २०१९ मध्ये उपाध्यक्ष झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये माक्री ज्या गटात होते त्याच गटाला हरवून बोकाचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी २५ जूनला ला बोंबोनेरावर त्याचा निरोपाचा सामना झाला, ज्यात मेस्सीही खेळला. प्रशासक म्हणून त्याच्या निर्णयांवर बोकाच्या सभासदांतच तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा न्याय त्या सभासदांनीच करायचा आहे.