गराडूचा डावा डोळा: गुलाल निर्दोष, कात्री दोषी

आमच्या पर्शियन बोक्याच्या, गराडूच्या डाव्या डोळ्याखालचा अश्रूंच्या डागाचा पट्टा केस कापल्यावर नऊ मिलिमीटरवरून पाचावर आला, असं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते विसरा. आठ दिवस झाले, गराडू गळ्यात भोंगा (डोळा खाजवू नये म्हणून घालतात ती प्लास्टिकची कॉलर) घालून फ्रिजवर रुसून बसलाय.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर डावा डोळा अर्धा मिटलेला. पाणी नेहमीसारखं तांबूस नाही, पातळ, पण धार लागलेली. मी लगेच गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या गुलाल उधळणाऱ्या मिरवणुकीला, शिव्या घातल्या. ती जिथे जमते तो राजवाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. फटींत ओले टॉवेल कोंबले तरी टेबलावर गुलाबी थर बसतोच. आई म्हणाली, "माझे ॲलर्जीचे थेंब आहेत की, टाक एक." बाटली हातात घेतलीही. लेबलावर डेक्सामेथासोन वाचलं आणि गुपचूप परत ठेवली. ते स्टेरॉइड. बुबुळावर जखम असताना गेलं तर ती आणखी चिघळू शकते!

डॉक्टर मॅडमनी दोन्ही डोळ्यांना फ्लोरेसीनची (जखमेला चिकटून निळ्या उजेडात हिरवा चमकणारा रंग) पट्टी टेकवली, दिवा घालवला, निळा टॉर्च मारला. डाव्या बुबुळावर खाली, नाकाच्या बाजूला, हिरवी रेघ. ठिपका नाही, रेघ.

"इथले केस कापलेत का?"

कापले होते. रंगपंचमीच्या दोन दिवस आधी. कोपऱ्यातले केस वातीसारखे अश्रू ओढून गालावर आणतात, हा माझाच सिद्धांत, आणि तो अजूनही मला पटतो. पण लांब केस मऊ असतो, गालावर लोळत पडतो. कापलेला खुंट खराट्याच्या काडीसारखा ताठ. त्यात आपल्या पर्शियन मंडळींची खालची पापणी आतल्या कोपऱ्यात बरेचदा थोडी आत वळलेली. डोळा मिटला की खुंट बुबुळावर घासणार.

अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून चारदा, खुंटांपासून आडोसा म्हणून डोळ्यांचं वंगण-मलम, आणि भोंगा. सहाव्या दिवशी परत पट्टी लावली: हिरवं काही नाही! येताना छप्पन दुकानवर, इंदूरच्या खाऊगल्लीत, थांबून पोहे-जिलबी हाणली.

पण खरी गोष्ट पहिल्याच दिवशी कळली होती. डोळ्यात घातलेला रंग अश्रुनलिकेतून नाकात उतरायला हवा. उजव्या नाकपुडीत पाच मिनिटांत हिरवा थेंब उतरला. डावी दहा मिनिटांनंतरही कोरडी. म्हणजे डावी अश्रुनलिका तुंबलेली, आणि मी तीन महिने गळक्या नळाखालची फरशी पुसत होते. भूल देऊन नलिका धुता येईल, पण चपट्या चेहऱ्यात ती मुळातच वाकडी असली तर धुऊन फार फरक पडणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. तरी पुढच्या आठवड्याची वेळ घेतलीय.

थांबा. लिहिता लिहिता आठवलं. चपट्या तोंडाच्या मांजरांत रंग कधी कधी नाकपुडीत न येता मागून घशात उतरतो. गराडूचं तोंड उघडून तर कुणी पाहिलंच नाही! तो ज्या आवाजात गुरगुरत होता, त्यात कुणाची हिंमत होणार म्हणा. मग आधी परत रंग घालून जिभेच्या मुळाशी हिरवं दिसतं का ते बघायचं. भूल नंतर. उद्याच फोन करते.

बाकी, कापूस बंद. तंतू डोळ्यात राहतात. आजोबांच्या मलमली धोतराचे उकळलेले चौकोन आणि ०.९ टक्क्यांचं सलाईन, यापलीकडे काही लागत नाही. पुसून झालं की कोरड्या तुकड्याने टिपायचं. नवाचे पाच यानेच झाले असणार. श्रेय मी उगाच कात्रीला दिलं.

अश्रूंचे डाग जावेत म्हणून पोटात द्यायच्या पावडरीबद्दल दोघांनी विचारलं होतं. डब्यावर टायलोसिन आहे का बघा. ते अँटिबायोटिक आहे. अशी विनापरवाना उत्पादनं विकणाऱ्यांना अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये ताकीद दिली होती. पॉरफिरिनचा (अश्रूंतला डाग तांबूस करणारा घटक) नुसता रंग घालवायला रोज अँटिबायोटिक? माझ्या घरात नाही.

केस वाढू देतेय. सध्या जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे सगळ्यात वाईट लांबी, म्हणून मलम चालू. भोंगा परवा निघेल. आज त्याच भोंग्याने फ्रिजवरची मुरंब्याची बरणी खाली गेली आणि आई आता माझ्याशी बोलत नाहीये.