सफाईचं बटण अखेर डीमनपर्यंत पोचलं

मंडळी, बटण चालतंय. गच्चीवर पर्जन्यमापकापाशी उभं राहून फोनवर 'सफाई सुरू' दाबलं, की खालच्या खोलीतल्या रास्पबेरी पायवरचा (छोट्या संगणकावरचा) डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, पावसाचे ठोके मोजायचं थांबवतो, थांबलो म्हणून उलट कळवतो, आणि मगच बटण हिरवं होतं. काल संध्याकाळी जरा उघडीप मिळाली तेव्हा जाळीवरची पानं आणि कबुतराची पिसं काढली, वरून अर्धा लिटर पाणी ओतलं. टिपिंग बकेट (ठरावीक पाणी साठलं की उलटणारं छोटं भांडं) टकाटक उलटत होती आणि फोनवरचा आजचा पाऊस जागचा हलला नाही. लई दिवसांनी एवढा आनंद झाला.

नव्यांसाठी एवढंच: नरसाळं २०० चौरस सेंटिमीटरचं आहे, म्हणजे १ मिमी पावसाला २० मिली पाणी. बकेट ४ मिलीला उलटते, म्हणून एक ठोका ०.२ मिमी. धुवायला ओतलेलं अर्धा लिटर पाणी नोंदीत गेलं तर कोल्हापुरात २५ मिमी खोटा पाऊस पडतो. हा आकडा आपल्या ग्रुपवर जातो, पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत असताना लोक तो बघतात. त्यामुळे सफाईची सोय हवीच होती.

वाचनाची बाजू मागच्या नोंदीतच मिटली होती. डीमन एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहितो, वेब ॲप तिथून वाचतं, त्याचा वॉल मोड (लिहिणं चालू असताना वाचणं अडू न देणारी पद्धत) चालू केल्यापासून 'डेटाबेस लॉक्ड' दिसलेलं नाही. अडत होतं ते उलट्या दिशेला. वेबकडून डीमनला निरोप द्यायचा तर आतापर्यंत एक टेबल होतं: वेब त्यात ओळ टाकणार, डीमन थोड्या थोड्या वेळानं ती बघणार. फोनवर 'सेव्ह झालं' यायचं, पण त्याचा अर्थ ओळ टेबलात पडली एवढाच. डीमननं ती वाचली का, हे गच्चीवर हात ओले करून उभ्या असलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. माझं मत पक्कं आहे: ज्यानं काम करायचं त्याचं उत्तर आल्याशिवाय पडद्यावर 'झालं' म्हणू नये.

म्हणून युनिक्स सॉकेट, म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमना थेट बोलायची, फाइलसारखी दिसणारी जागा. डीमन टेम्प फोल्डरमध्ये सॉकेट उघडून बसणार, फ्लास्कमधलं आपलं वेब ॲप तिथं जोडणार, एक ओळ जेसन (साध्या मजकुरातला निरोप) पाठवणार, एक ओळ परत घेणार. टर्मिनलमधून दोन्ही हातानं चालवले, पहिल्या झटक्यात चाललं. सर्व्हिस म्हणून (म्हणजे आपण हात न लावता मागे चालणारे) सुरू केले, की वेबचा लॉग म्हणायचा 'अशी फाइल नाही'. फोल्डर उघडून बघावं तर सॉकेट समोर दिसतंय! नाव, मार्ग, स्पेलिंग, सगळं तेच. परवानगीची अडचण असती तर 'परवानगी नाही' आलं असतं. इथं फाइलच नाही म्हणतोय.

या एका गोष्टीनं सगळा मोकळा वेळ खाल्ला. वेब आधी सुरू होतंय का म्हणून सर्व्हिसचा क्रम बदलला, उशीर घालून पाहिला, पाय रीस्टार्ट केला. फरक शून्य. शेवटी ग्रुपातल्या बावड्याच्या सरांनी एकच वाक्य लिहिलं: "तुझ्या डोळ्यांनी नको, वेबच्या डोळ्यांनी फोल्डर बघ." प्रोक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराखाली 'रूट' म्हणून एक वाट असते. वेब ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरचा नंबर घेऊन त्या वाटेनं त्याचा टेम्प उघडला. रिकामा! सॉकेटच काय, एकही फाइल नाही.

कारण वेबच्या युनिट फाइलीतली (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) 'प्रायव्हेट-टेम्प' ही ओळ. गनिकॉर्नच्या नमुना युनिटमध्ये ती असतेच. ती असली की सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) त्या सर्व्हिसला स्वतःचा वेगळा टेम्प फोल्डर देतो आणि खरा टेम्प तिला दिसतच नाही. खऱ्या टेम्पमध्ये 'सिस्टमडी-प्रायव्हेट'नं सुरू होणारे, पुढं सर्व्हिसचं नाव लावलेले ते लांबलचक फोल्डर तुम्हीही पाहिले असतील. ते याचेच. दोन सर्व्हिसना एकच खासगी टेम्प वाटून देता येतो, पण मला ते पटत नाही. बाहेरून विनंत्या घेणाऱ्या प्रोग्रॅमला ते कुंपण असू दे. सॉकेटची जागा टेम्प नाहीच, ती रन फोल्डरमध्ये.

तिथं हलवल्यावर चूक बदलली: 'परवानगी नाही'. हे ऐकून बरं वाटलं, कारण याचं औषध माहीत आहे. लिनक्सवर सॉकेटला जोडायचं तर त्यावर लिहिण्याचा हक्क लागतो. डीमन वेगळ्या युजरखाली, वेब वेगळ्या, आणि नेहमीच्या उमास्कनं (नव्या फाइलीचे हक्क ठरवणारी सेटिंग) तो हक्क फक्त मालकाला मिळतो. लिनक्सवर 'पाऊस' नावाचा युजरचा ग्रुप काढला, दोघांना त्यात घातलं.

इथवर लिहून थांबणार होतो, पण डीमन रीस्टार्ट होताना बटण दाबलं तर काय, हे तपासताना सॉकेट ॲक्टिव्हेशन हाती लागलं आणि डीमनचा तो भाग पुन्हा लिहिला. यात सॉकेट डीमन उघडत नाही, सिस्टमडी उघडतो. मोड ०६६० (फक्त मालकाला आणि ग्रुपला वाचण्या-लिहिण्याचा हक्क) आणि ग्रुप 'पाऊस' त्याच्याच फाइलीत लिहायचा, डीमनला सॉकेट तीन नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलीचा क्रमांक) तयार मिळतं. जुनी सॉकेट फाइल उरली म्हणून 'पत्ता वापरात आहे' ही कटकट गेली. डीमन खाली असेल तर निरोप रांगेत थांबतो, तो उठला की घेतो. पायथनमध्ये याला चार ओळीही लागल्या नाहीत.

दोन गोष्टी मात्र पाळा. स्ट्रीम सॉकेटवर एका वेळी पूर्ण निरोप येईलच असं नसतं, म्हणून ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत वाचत राहायचं. आणि वेबकडून तीन सेकंदांची मुदत घालायची, नाहीतर गनिकॉर्नचा वर्कर अडकून बसतो. मुदत टळली की बटण लाल, नरसाळ्याला हात लावायचा नाही.

सॉकेटऐवजी रेडिस (प्रोग्रॅममध्ये निरोप पोचवायला वापरता येणारा सर्व्हर) घे, असा सल्ला खूप जणांनी दिला. चांगलं आहे ते, पण ५१२ एमबीच्या पाय झीरो टूवर एका बटणासाठी वेगळा सर्व्हर पोसावा असं मला वाटत नाही.

हे ग्रुपवर टाकलं तर लगेच एकाचा प्रश्न: "भावा, सफाई बंद करायला विसरलास आणि धो-धो आला तर?" बरोबर आहे. त्यामुळे आजच निरोप बदलतोय. 'मोजणं थांबव' याऐवजी 'दहा मिनिटं थांबव'. मुदत संपली की डीमन आपणहून मोजायला लागेल. दोनदा दाबलं गेलं तरी बिघडत नाही, दहा मिनिटं नव्यानं सुरू होतील एवढंच. उत्तर वाटेत हरवलं तर बिनधास्त परत दाबता येईल, हा त्यातला मोठा फायदा. आणि थांबलेल्या वेळातले ठोके टाकून न देता वेगळ्या रकान्यात ठेवणार.

जाता जाता: नरसाळ्याची नवी कडा उद्यमनगरातून लेथवर करून आणली. धार इतकी स्वच्छ आलीय की काठावरचा थेंब आत किंवा बाहेर सरळ पडतो, रेंगाळत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कडांपेक्षा हे कितीतरी सरस. कुणाला हवी असेल तर माप देतो.

पुढं गगनबावड्याचा मापक. खरा पाऊस तिकडं, आणि इथं ऊन असतानाही कुंभी नदी फुगते ती त्याच पाण्यानं. तिथला निरोप नेटवरून येणार, युनिक्स सॉकेट एका मशीनपुरतं, म्हणून त्या टप्प्याला एमक्यूटीटी (नेटवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत) आणि मॉस्किटो (ते निरोप वाटणारा सर्व्हर). रेंज गेल्यावर तिथले ठोके साठवून नंतर पाठवायची पद्धत कुणी पावसाळाभर चालवली असेल तर कळवा. आणि किती दिवसांचा साठा ठेवता, तेही सांगा.